सालाझार : नियमाने निवडणुका घेणारा हुकूमशहा



दहावीच्या राज्यशास्त्रात आपण निवडणूक प्रक्रियेचा पाठ शिकवतो. मतदार यादी, उमेदवारी अर्ज, मतदान, मतमोजणी हे सगळं फळ्यावर लिहून होतं. मुलांच्या मनात त्यातून एक सोपं समीकरण तयार होतं : निवडणूक असेल तर लोकशाही, नसेल तर हुकूमशाही. परीक्षेपुरतं हे चालून जातं. पण वर्गात एखादं चौकस मूल असतंच. हुकूमशहाच्या देशातही निवडणुका होत असतील तर त्याला काय म्हणायचं, असं ते विचारतं आणि आपल्याला क्षणभर थांबावं लागतं.

या प्रश्नाचं उत्तर व्याख्येपेक्षा एका माणसाच्या चरित्रातून जास्त चांगलं देता येतं. तो माणूस म्हणजे पोर्तुगालचा अंतोनियु द ओलिव्हैरा सालाझार. गोवा मुक्तिसंग्रामाच्या धड्यात हे नाव आपल्याकडे एका ओळीत येतं आणि जातं. हा माणूस १९३२ ते १९६८ अशी सलग ३६ वर्षे पंतप्रधान होता. त्याच्या देशात लिखित राज्यघटना होती, निवडून आलेली विधानसभा होती, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दर सात वर्षांनी होत होती. तरीही त्या ३६ वर्षांत लोकांना त्याला एकदाही घरी पाठवता आले नाही. हे कसे जमले, ते आज पाहू या.

शेतकऱ्याच्या घरचा हुशार मुलगा

सालाझारचा जन्म २८ एप्रिल १८८९ रोजी मध्य पोर्तुगालमधल्या व्हिमियेरु या खेड्यात झाला. वडील एका जमीनदाराच्या शेतीची देखरेख करत, थोडी स्वतःची जमीनही होती. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. घरात पैसा बेताचा, पण मुलगा अभ्यासात हुशार. त्या काळी अशा मुलासाठी शिक्षणाची एक वाट होती, ती म्हणजे चर्चची पाठशाळा. व्हिसेऊ गावच्या सेमिनरीत तो आठ वर्षे शिकला. मात्र पाद्री न होता तो कोइंब्राच्या जुन्या, नामांकित विद्यापीठात कायदा शिकायला गेला आणि पुढे तिथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला.

हो, सालाझार मूळचा आपल्याच पेशातला! गणवेश, पदके, आरडाओरड करणारी भाषणे हे हुकूमशहाचं ठरलेलं चित्र मुलांच्या डोक्यात असतं. त्यात हा बसत नाही. तो अविवाहित राहिला, साधे कपडे घालायचा, गर्दीत जायला नाखूश असायचा आणि रात्री उशिरापर्यंत हिशेबाच्या वह्या तपासायचा. स्वतःच्या साधेपणाचा लौकिक त्याने आयुष्यभर जपला. त्याच्याविरुद्ध बोलणे अवघड होण्याचे तेही एक कारण होते.

लोक कंटाळले होते

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. पण ते नीट उभेच राहू शकले नाही. १६ वर्षांत सुमारे ४५ सरकारे झाली. बंडे, संप, राजकीय खून हे नेहमीचे झाले. पहिल्या महायुद्धात उतरल्यामुळे कर्ज वाढले आणि महागाईने लोक हैराण झाले. सालाझार स्वतः १९२१ मध्ये एका कॅथलिक पक्षाच्या वतीने संसदेवर निवडून आला होता. तिथला कारभार पाहून तो लगेच कोइंब्राला परतला.

२८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली. सैनिकांना बंड करता आले, पण तिजोरी कशी भरायची ते त्यांना कळेना. त्यांनी या प्राध्यापकाला अर्थमंत्री म्हणून बोलावले. मनासारखे अधिकार मिळत नाहीत हे पाहून काही दिवसांतच तो परत गेला. १९२८ मध्ये लष्कराला पुन्हा त्याच्याच दारात जावे लागले. या वेळी त्याने अट घातली की कोणत्याही खात्याचा खर्च त्याच्या मंजुरीशिवाय होणार नाही. अट मान्य झाली. कर वाढवून आणि खर्चाला कात्री लावून त्याने वर्षभरात अंदाजपत्रक शिलकीत आणले.

मुलांना हे सांगताना घाई करू नका, बरं का. सालाझारने सत्ता बंदुकीने घेतली नाही. ती त्याला बोलावून दिली गेली, आणि गोंधळाला कंटाळलेल्या बऱ्याच लोकांना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. ५ जुलै १९३२ रोजी तो पंतप्रधान झाला.

गप्प राहिलेल्यांचे मत

आता त्याच्यापुढे दोन रस्ते होते. लष्करी राजवट तशीच चालू ठेवायची किंवा तिला कायद्याचे रूप द्यायचे. सालाझार कायदा शिकलेला माणूस. त्याने दुसरा रस्ता धरला. नवी राज्यघटना लिहिली गेली आणि १९ मार्च १९३३ रोजी तिच्यावर सार्वमत घेतले गेले.

या सार्वमताचा एक नियम नीट पाहा. जो मतदार मत द्यायला येणार नाही, त्याचे मत घटनेच्या बाजूने धरले जाईल! म्हणजे आजारी माणूस बाजूने, परगावी गेलेला बाजूने, रागावून घरी बसलेलाही बाजूनेच. देशाची लोकसंख्या ७० लाखांच्या घरात होती आणि मतदार यादीत होती साधारण १२ ते १३ लाख नावे. विरोधात जेमतेम सहा हजार मते मोजली गेली. निकाल काय लागला हे वेगळं सांगायला नको.

घटना वाचायला वाईट नव्हती. भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, संघटनास्वातंत्र्य असे सगळे हक्क तिच्यात होते. शेवटी एक छोटी पुस्ती जोडलेली होती, की हे हक्क कसे वापरायचे ते खास कायदे ठरवतील. ११ एप्रिल १९३३ रोजी घटना अमलात आली आणि त्याच तारखेला छापण्याआधी मजकूर तपासण्याचा, म्हणजे सेन्सॉरचा, कायदाही निघाला. एका हाताने हक्क दिला आणि त्याच दिवशी दुसऱ्या हाताने काढून घेतला. हक्कांची यादी पाठ करून घेताना ही जोडी मुलांना जरूर दाखवा. यादीच्या शेवटी बारीक अक्षरात काय लिहिलं आहे तेही वाचायची सवय त्यांना लागेल.

या राजवटीचे नाव होते एश्तादु नोवु, म्हणजे नवे राज्य.

९० जागा, ९० उमेदवार

घटनेनुसार विधानसभेची पहिली निवडणूक डिसेंबर १९३४ मध्ये झाली. जागा ९० आणि सरकारी यादीतले उमेदवारही ९०. राष्ट्रीय संघटन नावाची एकच राजकीय संस्था कायदेशीर होती. ती १९३० मध्ये सरकारनेच स्थापन केली होती आणि स्वतःला पक्ष म्हणवून घेत नव्हती. सगळ्या जागा तिला मिळाल्या. त्यानंतर सालाझारच्या हयातीत ठरलेल्या वेळी निवडणुका होत राहिल्या आणि प्रत्येक वेळी सगळ्या जागा तिलाच मिळत राहिल्या.

ही विधानसभा वर्षातले थोडेच महिने भरत असे. सरकार तिला जबाबदार नव्हते, त्यामुळे अविश्वास ठराव आणून पंतप्रधान बदलणे हा प्रकारच नव्हता. सरकार स्वतःच्या हुकमाने कायदे करू शकत होते. मत कोणाला, यातही गंमत होती. लिहिता-वाचता येणाऱ्या पुरुषाला मत होते, निरक्षराला मत हवे असेल तर तो ठरावीक कर भरणारा असायला हवा. स्त्रियांसाठी अट आणखी कडक, निदान माध्यमिक शिक्षण हवे. निम्म्याहून अधिक लोक निरक्षर असलेल्या देशात याचा अर्थ काय होतो, हे तुमच्या वर्गातल्या सातवीतल्या मुलीलाही सांगता येईल.

विधानसभेच्या मागे दुसरे एक यंत्र चालत होते. १९३३ मध्येच गुप्त पोलीस दल उभे राहिले, ते पुढे पीडे या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३६ मध्ये केप व्हर्दे बेटांवर ताराफाल येथे राजकीय कैद्यांची छावणी सुरू झाली. मोठ्या प्रमाणावर माणसे मारण्याची या राजवटीला गरज पडली नाही. काही जणांना उचलायचे आणि बाकीच्यांना ते कळेल अशी व्यवस्था करायची, एवढे पुरत असे.

आणि शाळा?

शिक्षक म्हणून हा भाग आपल्याला जास्त जवळचा. १९३५ च्या एका हुकमाने राजवटीशी एकनिष्ठ नसलेल्या सरकारी नोकराला कामावरून काढता येऊ लागले. पुढच्याच वर्षी सरकारी नोकरांकडून साम्यवाद नाकारल्याची आणि घटनेने ठरवलेली व्यवस्था मान्य असल्याची लेखी शपथ घेतली जाऊ लागली. प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचे तर मंत्रालयाची परवानगी लागे आणि नवऱ्याची कमाई पुरेशी आहे का, तेही पाहिले जाई. सक्तीचे शिक्षण तीन वर्षांवर आणले गेले. शिक्षक घडवणारी विद्यालये काही वर्षांसाठी बंद झाली आणि कमी शिकलेल्या, कमी पगाराच्या सहायकांवर खेड्यातल्या शाळा सोपवल्या गेल्या.

१९३८ मध्ये सालाझारच्या कारकिर्दीला दहा वर्षे झाली म्हणून शाळाशाळांत सात चित्रांचा संच पाठवला गेला. त्याचे नाव होते सालाझारचा धडा. आधीचा काळ किती वाईट आणि आताचा किती चांगला, असे ती चित्रे दाखवत. शेवटच्या चित्रात खेड्यातले एक घर होते. बाप शेतावरून आलेला, आई चुलीपाशी, मुले समोर, भिंतीशी देव्हारा. सगळे समाधानी. त्या घरात वर्तमानपत्र नाही, मतपत्रिकाही नाही.

मुलांना मतदान शिकवायच्या आधी त्यांना समाधानी राहायला शिकवलं, की पुढचं काम सोपं होतं. सालाझारला ते नेमकं ठाऊक होतं. प्राध्यापक होता ना!

१९४५ : दार थोडे उघडले

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला. १९४५ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी संपले, जगभर लोकशाहीचे वारे वाहू लागले. सालाझारने वाऱ्याची दिशा ओळखली. विधानसभा बरखास्त करून त्याने नोव्हेंबरमध्ये निवडणूक जाहीर केली आणि ती इंग्लंडमधल्या निवडणुकीइतकी मोकळी असेल असे सांगितले.

लोकांना खरे वाटले. ऑक्टोबरमध्ये विरोधकांनी लोकशाही ऐक्य आंदोलन उभे केले. सभा भरू लागल्या. हजारो लोकांनी पाठिंब्याच्या याद्यांवर आपली नावे आणि सह्या केल्या. त्यात प्राध्यापक होते, शिक्षक होते, डॉक्टर, वकील, कारकून होते. विरोधकांनी मतदार यादी दुरुस्त करायला वेळ मागितला, तो मिळाला नाही. शेवटी त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली आणि सगळ्या जागा पुन्हा सरकारी यादीला गेल्या.

मग सह्यांच्या याद्यांचे काय झाले? सह्या खऱ्या आहेत का ते पडताळायचे आहे, असे सांगून सरकारने त्या मागून घेतल्या. त्या पोलिसांपर्यंत पोचल्या. सह्या करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येकांना अटक झाली. बेंतु द जेझुस कारासा हे नामवंत गणितज्ञ. कामगारांना परवडावीत म्हणून स्वस्त विज्ञान-पुस्तकांची माला चालवणारा हा माणूस. १९४६ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून काढून टाकले गेले आणि दोनच वर्षांत ते वारले. १९४७ मध्ये आणखी बऱ्याच प्राध्यापकांची तीच गत झाली.

इथे आपल्या चौकस मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. निवडणुकीचा सालाझारला काय उपयोग होता? गुप्त पोलिसांना वर्षानुवर्षे फिरून जी यादी जमवता आली नसती, ती विरोधकांनी स्वतःच्या हाताने सही करून दिली. निवडणुकीचा महिना आला की थोडी मोकळीक मिळे, लोक मनातले बोलत. त्यातून कोण आपला, कोण परका हे कळे. साचलेली वाफही निघून जाई. आपल्या माणसांना आमदारकीची बक्षिसे देता येत. बाहेरच्या जगाला दाखवायला कागद तयार होई. १९४९ मध्ये नाटो ही लष्करी संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक देशांत पोर्तुगालही होता. एकदा कागद नीट असला की फार खोलात कोणी जात नाही.

गोव्यातली मते

आता आपल्या अंगणात येऊ. १९३० मध्ये सालाझारकडे काही काळ वसाहतींचे खाते होते. तेव्हा त्याने वसाहत कायदा आणला. समुद्रापारचे प्रदेश ताब्यात ठेवणे हा पोर्तुगाल राष्ट्राचा स्वभावच आहे, असे त्यात लिहिलेले होते. गोव्यात सभांना बंदी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. लग्नपत्रिका छापायची तरी मंजुरी घ्यावी लागे, असे गोव्यातली जुनी माणसे सांगत.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. पुढच्या काही महिन्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना शिक्षा होऊन ते पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात कैदी म्हणून पोचले.

भारत स्वतंत्र झाला, इंग्रज गेले, मग जगाने गोव्याबद्दल विचारायला सुरुवात केली. सालाझारने काय केले? १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींचे नाव समुद्रपार प्रांत असे बदलले. आमच्याकडे वसाहती नाहीतच, गोवा हा आमच्या देशाचा भाग आहे आणि त्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या विधानसभेत बसतात, असे पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत सांगू लागला. प्रतिनिधी खरेच बसत होते. फक्त गोव्यातल्या लोकांना पोर्तुगालबरोबर राहायचे आहे का, हा प्रश्न त्यांना कधी विचारला गेला नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी महाराष्ट्रातून आणि देशभरातून निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक जण जागीच गेले.

सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले होते. आझाद गोमंतक दलात ते सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तरी रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

गोवा हातचा जाताना सालाझारने गव्हर्नर व्हासालु इ सिल्व्हा यांना शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम पाठवला होता. गव्हर्नरने तो मानला नाही आणि तीन हजारांहून अधिक सैनिकांचे प्राण वाचवले. पुढे त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. आणि लिस्बनच्या विधानसभेत गोव्याच्या नावाच्या जागा? त्या त्यानंतरही तशाच ठेवल्या गेल्या! प्रदेश नाही, मतदार नाहीत, पण प्रतिनिधी आहेत. सालाझारच्या लेखी प्रतिनिधित्वाचा अर्थ काय होता, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

एक खिळा सैल होता

आता थोडे मागे, १९५८ सालात जाऊ. सालाझारच्या घटनेत एक खरी जोखीम होती. पंतप्रधानाला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला होता, आणि राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जायचा. इतकी वर्षे सालाझारच्या मर्जीतलाच माणूस त्या पदावर निवडून येत असे. विरोधी उमेदवार उभे राहत, पण एक तर त्यांना अपात्र ठरवले जाई किंवा परिस्थिती पाहून ते मतदानाआधी माघार घेत.

१९५८ मध्ये हवाई दलाचे जनरल उंबेर्तु देलगादु उभे राहिले. हे मुळात राजवटीचेच माणूस. तरुणपणी १९२६ च्या लष्करी उठावात सामील झालेले. नंतर काही वर्षे नाटोच्या कामानिमित्त अमेरिकेत राहिले आणि तिथला मोकळेपणा पाहून बदलले. लिस्बनच्या एका कॅफेत पत्रकारांनी त्यांना विचारले, निवडून आलात तर सालाझारचे काय करणार? त्यांनी सरळ सांगितले, की अर्थातच काढून टाकीन.

घटनेने राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार दिलेलाच होता. देलगादु यांनी फक्त तो मोठ्याने वाचून दाखवला. पण ३० वर्षांत हे कोणी चारचौघांत बोलले नव्हते. चार दिवसांनी ते पोर्तु शहरात पोचले तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले होते.

८ जूनला मतदान झाले. मतपत्रिका सरकार छापत नव्हते, ज्याची त्याने छापायची आणि मतदारांपर्यंत पोचवायची. मतमोजणीवर देखरेख ठेवायला विरोधकांना वाव नव्हता. सरकारी उमेदवार अमेरिकु तोमाश यांना सुमारे ७६ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. देलगादु यांच्या नावावर २३-२४ टक्के पडली. खरा आकडा काय होता ते कधीच कळणार नाही. पण सालाझार किती घाबरला हे त्याच्या पुढच्या पावलावरून कळते. १९५९ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द झाली. यापुढे विधानसभा आणि इतर सरकारी संस्थांमधली निवडक माणसे राष्ट्राध्यक्ष निवडणार होती.

देलगादु यांची नोकरी गेली. अटक टाळण्यासाठी त्यांनी ब्राझीलच्या वकिलातीत आसरा घेतला आणि मग देश सोडला. फेब्रुवारी १९६५ मध्ये पीडेच्या माणसांनी त्यांना भेटीच्या निमित्ताने स्पेनच्या सीमेजवळ बोलावून ठार मारले. त्यांच्याबरोबर असलेल्या त्यांच्या सचिव बाईंनाही सोडले नाही. सालाझारला जाब विचारणारे पत्र लिहिल्याबद्दल पोर्तुचे बिशप अंतोनियु फेरैरा गोमिश यांनाही दहा वर्षे देशाबाहेर राहावे लागले.

खुर्ची

ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार उन्हाळी मुक्कामी असताना खुर्चीवरून पडला. डोक्याला मार बसला. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ मेंदूत रक्तस्राव झाला. तो वाचणार नाही असे समजून राष्ट्राध्यक्ष तोमाश यांनी त्याला पदावरून दूर केले आणि मार्सेलु कायतानु यांना पंतप्रधान नेमले. घटनेतला तो अधिकार सालाझारवर एकदाच वापरला गेला, आणि तोही तो शुद्धीवर नसताना.

पण सालाझार वाचला. तू आता पंतप्रधान नाहीस, हे त्याला सांगायचे धाडस कोणाला झाले नाही. जुने मंत्री भेटायला येत, कारभाराच्या गप्पा होत, तो सूचना देई, ते माना डोलावत. जवळजवळ दोन वर्षे हे चालले. २७ जुलै १९७० रोजी तो वारला, बहुधा आपणच राज्य करतो आहोत अशा समजुतीत. आयुष्यभर त्याने लोकांना खोट्या विधानसभेपुढे बसवले. शेवटी त्याच्यासाठीही एक खोटे मंत्रिमंडळ भरवावे लागले.

त्याची राजवट मतपेटीतून गेली नाही, कारण ती वाट त्याने बंद करून ठेवली होती. आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी ती उलथवली. बरोबर एका वर्षाने, २५ एप्रिल १९७५ रोजी, पोर्तुगालमध्ये सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांनी मत दिले. शिक्षणाची अट नव्हती. ९० टक्क्यांहून अधिक लोक मतदानाला आले. मडगावात वाढलेले गोमंतकीय वंशाचे लेखक ऑर्लांदु दा कोश्ता यांना सालाझारच्या पोलिसांनी तुरुंगात टाकले होते. त्यांचा मुलगा अंतोनियु कोश्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झाला.

वर्गात काय सांगाल?

मुलांना मी तरी एवढंच सांगेन : निवडणूक झाली का, हा पहिला प्रश्न. पण तिथे थांबू नका. सत्तेवर असलेला माणूस या निवडणुकीत हरू शकत होता का, हा दुसरा आणि खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधायला चार-पाच साधे प्रश्न पुरतात.

१. मतदार यादीत कोण नाही? का नाही?
२. विरोधी उमेदवाराला सभा घेता येते का, वर्तमानपत्रात त्याची बातमी छापून येते का?
३. मते मोजताना विरोधकांचा माणूस तिथे बसलेला असतो का?
४. हरलेल्या उमेदवाराचे आणि त्याला मत देणाऱ्यांचे दुसऱ्या दिवशी काय होते?
५. सत्ताधाऱ्यांना धोका वाटला तेव्हा नियम बदलले गेले का?

मुलांना गटांत बसवून १९३३, १९४५ आणि १९५८ या तीन प्रसंगांना हे प्रश्न लावायला सांगा. पाठांतरापेक्षा जास्त लक्षात राहील. मग कुठल्याही देशाच्या, कुठल्याही काळातल्या निवडणुकीला हीच मोजपट्टी ती स्वतः लावू शकतील. उत्तर त्यांचं त्यांना काढू द्या.

आणि पालकहो, शिक्षकहो, एक गोष्ट आपल्यासाठी. बऱ्याच शाळांत जून-जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. चिठ्ठ्या वाटल्या जातात, मुलं रांगेत उभी राहून मत देतात, फोटो निघतात. मुख्यमंत्री कोण होणार हे मात्र कधीकधी स्टाफरूममध्ये आधीच ठरलेलं असतं. हेतू चांगलाच असतो, हुशार आणि जबाबदार मूल पुढे यावं एवढाच. पण मुलांना ते कळतं. मतदान ही पाहुण्यांना दाखवायची गोष्ट आहे, खरं तर मोठ्यांनी आधीच ठरवलेलं असतं, हा धडा मग पुस्तकाबाहेरून त्यांच्या मनात जातो आणि तो पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त टिकतो.

म्हणून या वर्षी चिठ्ठ्या मुलांसमोर उघडा. मोजायला प्रत्येक उमेदवाराचा एक मित्र बसवा. मागच्या बाकावरचा खोडकर मुलगा निवडून आला तर येऊ द्या, आणि त्याने काम केलं नाही तर त्याला बदलायचं कसं, याचा नियमही मुलांकडूनच आधी लिहून घ्या. हरलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहायला बोलवा. तिला मत देणाऱ्यांनाही ते दिसू द्या.